तुझ्या यादीत रॉबर्टसन हवेतच

सातारा,
रविवार

प्रिय सुनंदा,

तुमच्या मंडळाच्या वाचनगटात यंदा मानसशास्त्रज्ञांवर बोलायचं ठरलंय आणि सुरुवात तुझ्या भाषणाने होणार, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! यादीही पाहिली. फ्रॉइड, युंग, पावलोव्ह, स्किनर, पियाजे, मास्लो. बी.एड.ला असताना हॉस्टेलच्या गच्चीवर बसून आपण हीच नावं घोकायचो. माणसं मोठीच आहेत, यातलं एकही नाव गाळ असं मी म्हणणार नाही. पण शेवटी तू विचारलंयस, "कोणी राहिलंय का?" हो, राहिलंय. जेम्स रॉबर्टसन राहिलेत. त्यांच्याबरोबर जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ ओघाने येतील. एन्सवर्थबाई तर तुझ्याच टोरांटोत वाढलेल्या. ही माणसं मला इतकी जवळची वाटतात, की फोनवर पाच मिनिटांत सांगून माझं समाधान होणार नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

रॉबर्टसन कोण हे सांगायच्या आधी तुला १९४९ सालच्या लंडनमध्ये नेते. मूल आजारी आहे, इस्पितळात ठेवावं लागणार आहे. आई त्याला घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत जाते, नर्सच्या हाती देते आणि घरी परतते. पुढचे दिवस, आठवडे, क्षयासारखं दुखणं असेल तर कित्येक महिने, मूल एकटं. मोठ्या इस्पितळांच्या भेटीच्या वेळा त्या साली छापून आल्या होत्या. गाय्ज हॉस्पिटलमध्ये रविवारी दुपारी २ ते ४. सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच. संध्याकाळी ७ ते ८ या वेळात, मूल झोपलेलं असताना, नुसतं पाहून जायचं. लंडन हॉस्पिटलमध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना भेटायलाच बंदी. अगं, ही काही आडगावातली इस्पितळं नव्हती. जगभरचे डॉक्टर जिथे शिकायला जायचे, ती ही. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी इस्पितळाच्या बालविभागात जा. मुलाच्या उशाशी आई बसलेली, खाटेखाली डबा नि पिशवी, दाराबाहेर आजी. तिला तिथून उठवावं असं कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून लंडनच्या त्या वेळा मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला खरंच वाटेना.

नर्स काही दुष्ट नव्हत्या. संसर्गाची भीती हे एक कारण होतं. वॉर्डात गोवर किंवा घटसर्प शिरला तर मुलं दगावायची, हा त्यांचा अनुभव होता. दुसरं कारण जास्त विचार करण्यासारखं आहे. आई भेटून गेली की मूल आकांत करायचं. ती यायच्या आधी शांत असायचं. हे नर्सना दर भेटीला दिसायचं, आणि त्या म्हणायच्या की आईच्या येण्यानेच मुलाला त्रास होतो, ती आली नाही तर मूल छान रुळतं. डोळ्यांना दिसत होतं ते खरंच होतं. अर्थ मात्र उलटा लागला होता.

त्या उलट्या अर्थाला मानसशास्त्राचाच टेकू होता, हे तुझ्या भाषणात यायला हवं. वर्तनवादाचे जनक म्हणून आपण ज्या जॉन वॉटसनना पाठ केलं, त्यांनी १९२८ साली आई-बापांसाठी बालसंगोपनाचं पुस्तक लिहिलं. आईच्या अतिप्रेमाचे धोके सांगणारं एक अख्खं प्रकरण त्यात आहे. मुलांना मिठ्या मारू नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एकदा ओठ टेकवा आणि सकाळी हस्तांदोलन करा, असा त्यांचा सल्ला. पुस्तक भरपूर खपलं. तिकडे न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग घड्याळ पाहून दूध पाजायला सांगत होते आणि इंग्लंडमधल्या आयाही त्यांचं ऐकत होत्या. "सारखं घेऊ नकोस, सवय लागेल" हे आपल्या घरांतही बोललं जातं, पण बोलणारी आजीच थोड्या वेळाने बाळाला उचलते. तिथे तो शास्त्राचा आदेश होता आणि शिकलेल्या आया मन घट्ट करून तो पाळत होत्या.

फ्रॉइडचे अनुयायी वॉटसनच्या अगदी विरुद्ध टोकाचे. तरी एका बाबतीत दोघांचं जमायचं. बाळाला आईची ओढ का, तर ती दूध देते म्हणून. आधी भूक, मग भूक भागवणारीवर माया. हे एकदा मान्य केलं की वॉर्डात काही कमी आहे असं वाटायचं कारणच उरत नाही. दूध तर वेळच्या वेळी मिळतच होतं.

आता रॉबर्टसन. स्कॉटलंडचे, ग्लासगोजवळच्या कामगार कुटुंबातले, जन्म १९११चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र हाती घ्यायला नकार दिला. त्या वेळी ॲना फ्रॉइड, म्हणजे फ्रॉइडची धाकटी लेक, लंडनमध्ये हॅम्पस्टेडला युद्धामुळे घर तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. तिथे रॉबर्टसनना काम मिळालं ते बॉयलर सांभाळायचं आणि मोडतोड दुरुस्त करायचं. त्यांची बायको जॉइस तिथेच मुलांच्या देखभालीचं काम शिकत होती. ॲना फ्रॉइडचा एक नियम मला फार आवडतो. संस्थेतल्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो की बॉयलरवाला, मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहून द्यायचं. मग त्या कार्डांवर सगळ्यांनी मिळून बोलायचं. रॉबर्टसन मुलांकडे बघायला शिकले ते इथे. युद्ध संपल्यावर त्यांनी सामाजिक कार्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९४८ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक बोल्बींनी त्यांना नेमलं. काम एकच, आईपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण.

सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलच्या बालविभागात ते जाऊन बसायला लागले. डॉक्टर फेरी मारून जायचे, नर्सच्या पाळ्या बदलायच्या, एकाच खाटेपाशी सलग कोणी नसायचंच. रॉबर्टसन बसून राहायचे. म्हणून इतरांना तुकड्या-तुकड्यांनी दिसणारं त्यांना अखंड दिसलं. एक ते तीन वर्षांचं मूल आधी आकांत करतं, दाराकडे बघत राहतं, नर्सला झिडकारतं. मग हळूहळू आवाज बसतो. मूल गप्प होतं, खाण्यात-खेळण्यात जीव नसतो. नर्स म्हणायच्या, रुळलं. रॉबर्टसन म्हणाले, हा शोक आहे. मुक्काम लांबला की तिसरी अवस्था यायची. मूल पुन्हा हसायला लागतं, येईल त्या नर्सकडे जातं, खेळण्यांत रमतं. मात्र आई आली तर तिने आणलेल्या खाऊकडे बघतं, तिच्याकडे नाही. वॉर्डाला सगळ्यांत समाधानाची वाटणारी ही अवस्था रॉबर्टसनना सगळ्यांत काळजीची वाटली. आणि आई भेटून गेल्यावरचं ते रडणं? आत कोंडलेलं दुःख तिला पाहून वाट काढायचं. रडणारं मूल अजून आईला धरून होतं.

त्यांनी हे डॉक्टरांना सांगून पाहिलं. कोणी मनावर घेईना. बॉयलर सांभाळणारा माणूस, आता क्लिनिकमध्ये लागला म्हणून आम्हाला मुलांबद्दल शिकवणार का, असा भाव असायचा. तेव्हा त्यांनी ठरवलं, सांगायचं नाही, दाखवायचं. चित्रीकरणाचा कॅमेरा त्यांनी तोवर कधी हाती धरला नव्हता. फिल्मसाठी मूल कसं निवडायचं? आपल्या म्हणण्याला सोयीचं निवडलं असा आरोप नको, म्हणून दाखल होणाऱ्यांच्या यादीतून डोळे मिटून निवड केली. निघाली लॉरा, वय २ वर्षं ५ महिने, बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ८ दिवस राहणार. कॅमेराही मनाला येईल तेव्हा चालवायचा नाही. रोज ठरल्या वेळी चालवायचा आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत दिसू द्यायचं.

नशिबाने की दुर्दैवाने, लॉरा अगदी शहाणी, न रडणारी पोर निघाली. फिल्म पाहताना रॉबर्टसनना आधी वाटलं असणार की यात काही दिसणारच नाही. पण तिचं ते न रडणंच बघवत नाही गं. आल्या आल्या अंघोळीला कपडे काढतात तेव्हा ती दाराकडे धावते. नंतर मात्र ओठ आवळून बसलेली, मधूनच अगदी हलक्या आवाजात आई कुठे गेली असं विचारणारी, आपलं टेडी घट्ट धरलेली. आई भेटायला येते तेव्हा लगेच तिच्याकडे झेपावत नाही. घरी जायच्या दिवशी आपल्या सगळ्या वस्तू गोळा करून निघते आणि चालताना आईचा हात धरत नाही. फिल्म काळी-पांढरी आहे, कुठे संगीत नाही. १९५२ची. 'दोन वर्षांची मुलगी इस्पितळात जाते' एवढंच साधं नाव.

त्या नोव्हेंबरमध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ती दाखवली तेव्हा सभागृह खवळलं. हा आमच्या व्यवसायाचा अपमान आहे, मूलच वेगळं निवडलंय, आमच्या वॉर्डात असं होत नाही, फिल्म मागे घ्या! पण काही जण घरी जाऊन झोपू शकले नसावेत. डरमॉड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ त्यांपैकी. पाहताना त्यांनाही राग आला होता. मग आपल्या वॉर्डात परतल्यावर मुलं काय म्हणताहेत ते त्यांना ऐकू यायला लागलं. त्यांनी ॲमरशमच्या इस्पितळात आयांना मुलांसोबत राहू द्यायला सुरुवात केली, आणि १९५८ साली रॉबर्टसननी त्या वॉर्डावर दुसरी फिल्म काढली, आईसोबत इस्पितळात जाणाऱ्या मुलीची. १९५९ साली सरकारी समितीचा प्लॅट अहवाल आला. आई-बापांना केव्हाही भेटता यावं आणि लहान मुलांच्या आयांना राहता यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं. तरी इस्पितळं ढिम्म. शेवटी १९६१ साली रॉबर्टसननी वर्तमानपत्रात लेख लिहिले, टीव्हीवर फिल्मचे तुकडे दाखवले आणि लंडनच्या बॅटरसी भागातल्या आयांनी स्वतःची संघटना उभी केली. त्या बायका इस्पितळांच्या मागे लागल्या, तेव्हा कुठे दारं उघडली. भाषणात हे शेवटचं वाक्य ठासून सांग. अहवालाने दार उघडलं नाही, आयांनी उघडायला लावलं.

बोल्बींबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यावर भरपूर वाचायला मिळेल. जन्म १९०७, वडील नामांकित सर्जन. त्या वर्गातल्या रिवाजाप्रमाणे मुलं दाईकडे वाढायची, आई दिवसातून तासभर भेटायची. ज्या दाईने त्यांना लळा लावला ती ते चार वर्षांचे होत असताना नोकरी सोडून गेली, आणि आई गमावल्यासारखंच ते दुःख होतं असं त्यांनी पुढे सांगितलं. मनोविश्लेषण शिकत असताना एका चंचल लहान मुलावर ते उपचार करत होते. आई फार काळजीत दिसायची, पण तिच्याशी बोलायचं नाही असा त्यांच्या मार्गदर्शक मेलनी क्लाइन यांचा दंडक. मुलाच्या मनातल्या कल्पना महत्त्वाच्या, घरची परिस्थिती नाही. काही महिन्यांत त्या आईलाच मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. मुलाच्या मनाइतकंच मुलाच्या घरात काय चाललंय तेही पाहिलं पाहिजे, ही बोल्बींची धारणा अशा अनुभवांतून पक्की झाली. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी अहवाल लिहिला. त्याच्या आधी मनोविश्लेषक रने स्पिट्झ यांनी तुरुंगातलं पाळणाघर आणि अनाथालय यांची तुलना केली होती. तुरुंगात कैदी आया आपली बाळं स्वतः सांभाळत होत्या, ती जगली. स्वच्छ, नीटनेटक्या अनाथालयातली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बाळं दोन वर्षांच्या आत दगावली. पोटाला दोन्हीकडे मिळत होतं.

१९५८ हे साल तू वहीत लिहून ठेव. मुलाच्या आईशी असलेल्या बंधावरचा बोल्बींचा मूळ लेख त्या साली आला, रॉबर्टसनची दुसरी फिल्म त्या साली आली, आणि त्याच साली अमेरिकेत विस्कॉन्सिनचे मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी आपलं प्रसिद्ध भाषण दिलं. त्यांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जायची आणि उरलेला सगळा दिवस कापडाच्या आईला बिलगून काढायची. ढोल वाजवणारं खेळणं सोडून घाबरवलं, तर धाव कापडाच्या आईकडेच. आईची ओढ दुधामुळे असते हा सिद्धांत तिथे संपला. हार्लोंनी पुढे पिल्लांना महिनोन्‌महिने पूर्ण एकटं कोंडून जे प्रयोग केले ते मला वाचवत नाहीत. रॉबर्टसन नुसते बसून जे सांगत होते ते पटायला इतक्या पिल्लांचे हाल का व्हावे लागले, हा प्रश्न मला आजही छळतो, आणि तो तू सभेत विचारावास असं मला वाटतं.

आता तुझ्या गावच्या बाई. मेरी एन्सवर्थ जन्मल्या ओहायोत १९१३ साली, पण लहानपणीच टोरांटोला आल्या आणि टोरांटो विद्यापीठातून १९३९ साली पीएच.डी. झाल्या. तिथले विल्यम ब्लाट्झ सुरक्षिततेवर शिकवायचे. लहान मुलाला आई-बापांचा भरवसा असेल तरच ते अनोळखी जगात पाऊल टाकतं, हे त्यांचं म्हणणं एन्सवर्थनी आयुष्यभर धरून ठेवलं. युद्धात त्या कॅनडाच्या महिला सैन्यदलात मेजर झाल्या. १९५० साली लग्न करून नवऱ्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या, काम हवं होतं, वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून अर्ज केला. जाहिरात बोल्बींची होती. तिथे त्यांनी रॉबर्टसनच्या टिपणवह्या पाहिल्या आणि ठरवलं की आपणही कधीतरी असंच, मुलांच्या घरी जाऊन, पाहायचं.

ती संधी युगांडात मिळाली. नवऱ्याला कंपालाला काम मिळालं, बाई सोबत गेल्या आणि १९५४ साली जवळच्या खेड्यांतल्या २६ घरांत दुभाषी बाईला घेऊन दर पंधरा दिवसांनी जायला लागल्या. दूध तोडताना मुलाला आजीकडे पाठवायची तिथे प्रथा आहे असं त्यांनी ऐकलं होतं, त्याचा परिणाम पाहायचा होता. प्रथा तोवर विरत चालली होती. मग त्यांनी जे समोर होतं तेच पाहिलं. रांगणारं बाळ आईपासून दूर जातं, वळून बघतं, परत येऊन तिला शिवतं, पुन्हा लांब जातं. आई म्हणजे जिथून निघायचं आणि जिथे परत यायचं ती जागा. आई-मुलाच्या बंधाबद्दलच्या बोल्बींच्या सिद्धांताला हा कणा इथून मिळाला. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या आया आपल्या बाळाबद्दल भरभरून, बारीकसारीक सांगू शकायच्या, त्यांची बाळं जास्त निर्धास्त असायची. त्या मुलाकडे बघत होत्या ना! पैसाअडका, शिक्षण यांचा इथे प्रश्न नव्हता.

पुढे बाल्टिमोरला त्यांनी हेच काम आणखी चिकाटीने केलं. पुन्हा २६ कुटुंबं, जन्मापासून वर्षभर, दर तीन आठवड्यांनी घरी जायचं आणि एका खेपेला चारेक तास बसायचं. घरागणिक सत्तरएक तास होतात गं! वर्षाच्या शेवटी बाळाला आईसोबत एका खोलीत आणायचे. खेळणी असायची, एक अनोळखी बाई यायची, आई दोनदा बाहेर जायची आणि परत यायची. सगळं मिळून २० मिनिटं. सगळी पुस्तकं या २० मिनिटांवर थांबतात, म्हणून त्यामागचे ते घरातले तास तू सांगच.

बहुतेक बाळं आई गेल्यावर अस्वस्थ व्हायची, परत आली की तिच्याकडे जाऊन शांत व्हायची आणि खेळायला लागायची. काही बाळं आई आली तरी शांत होईनात. तिला बिलगायची आणि तिलाच मारायची. आणि काही बाळं तिच्याकडे बघायचीच नाहीत, खेळण्यात डोकं घालून बसायची. इतरांना ती स्वतंत्र वाटली असती. एन्सवर्थना मात्र रॉबर्टसनच्या वॉर्डातली मुलं आठवली, आईकडे पाठ फिरवणारी. फरक इतकाच, की ही बाळं कधी आईपासून दूर राहिलीच नव्हती. घरच्या नोंदी काढून पाहिल्या तर ती जवळ यायला बघायची तेव्हा त्यांना अनेकदा दूर सारलं गेलं होतं. १९७७ साली इतर संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. बाहेरून शांत असली तरी ते वाढलेले होते.

आणि 'सवय लागेल'चं उत्तर याच वह्यांत मिळालं. सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ साली रडण्याच्या नोंदी छापल्या. पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याकडे आया चटकन धावत, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. वर्तनवाद्यांनी यावर बराच वाद घातला, तोही तू सांग. पण वॉटसनचा आदेश मानून बंद दाराआड रडणाऱ्या आयांचा विचार केला की हे निष्कर्ष आणखी पन्नास वर्षं आधी यायला हवे होते असं वाटत राहतं.

आता एक काळजीचा मुद्दा. तुमच्या गटात नोकरी करणाऱ्या तरुण आया असणार. त्या हे ऐकून डे-केअरमध्ये ठेवलेल्या बाळाच्या आठवणीने अपराधी होऊन घरी गेल्या, तर भाषण फसलं म्हणायचं. तसं पूर्वी झालेलंही आहे. बोल्बींच्या अहवालाचा आधार घेऊन 'आईने घरीच बसावं' असं बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि त्यांची १९५१ची भाषा त्याला काही अंशी जबाबदार होती असं माझं मत आहे. बोल्बींचं म्हणणं नीट तपासलं ते बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी, १९७२च्या पुस्तकात. काही दिवसांची ताटातूट वेगळी आणि कोणाशीच बंध न जुळणं वेगळं, हे त्यांनी दाखवलं. त्याआधी १९६४ साली ग्लासगोमध्ये शॅफर आणि एमर्सन यांनी ६० बाळं पाहिली होती. दीड वर्षाची होईतो बहुतेकांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागलेला होता. बाप, आजी, आजोबा, मोठी भावंडं. दिवसभर जवळ असणाऱ्यापेक्षा हाकेला ओ देणाऱ्याचा लळा जास्त. देशोदेशीही फरक निघाले. जर्मनीत बिलेफेल्डला पाठ फिरवणारी बाळं जास्त, जपानमध्ये सप्पोरोला शांत न होणारी जास्त. जपानी बाळांना आईपासून तीन मिनिटं दूर राहायचाही सराव नव्हता, त्यांना त्या खोलीत फारच धसका बसायचा. एकच मोजपट्टी सगळ्यांना लावताना जपायला हवं.

आणि त्या आयांना सर्वांत जास्त दिलासा रॉबर्टसन पती-पत्नींकडूनच मिळेल. १९६०च्या दशकापासून त्यांनी आणखी फिल्म केल्या. आई बाळंतपणासाठी इस्पितळात गेली असताना चार लहान मुलांना, एका वेळी एकेकाला, त्यांनी स्वतःच्या घरी सांभाळलं. आधी ओळख करून घेतली, मुलाच्या सवयी, खाणं, झोपायची गोधडी सगळं विचारून घेतलं, आईबद्दल रोज बोलत राहिले, बापाला केव्हाही येऊ दिलं. मुलांना ताण आला, पण ती मोडली नाहीत. त्याच काळात १७ महिन्यांचा जॉन ९ दिवस संस्थेच्या पाळणाघरात राहिला. तिथल्या तरुण नर्स प्रेमळ होत्या, मात्र रोज बदलायच्या. जॉन एकीशी ओळख करायचा, ती पाळी संपवून जायची, मग दुसरीशी प्रयत्न करायचा. शेवटी मोठ्या टेडीला मिठी मारून जमिनीवर पडून राहायला लागला. आई न्यायला आली तेव्हा तिच्याकडे जाईना. मधल्या काळात मुलासाठी एक ठरलेलं, ओळखीचं माणूस असणं, एवढा या दोन गोष्टींतला फरक. या निष्कर्षावरून रॉबर्टसन आणि बोल्बी यांच्यात दुरावाही आला. मला इथे रॉबर्टसनचं बरोबर वाटतं.

तेव्हा भाषणात आयांना सांग, डे-केअर निवडताना खेळणी किती ते बघू नका. माझ्या बाळाला रोज कोण घेणार, आणि ती बाई किती दिवसांपासून इथे आहे, हे विचारा.

लॉराची फिल्म लावणार असशील तर पूर्ण लावू नकोस, थोडा भाग पुरे, आणि आधी कल्पना दे. ज्यांचं मूल नुकतंच इस्पितळातून आलंय त्यांना ती जड जाते. चर्चेला भरपूर वेळ ठेव. कोणी नर्स गटात असतील तर त्यांना आधी बोलू दे. मुद्दे लिहून झाले की मला पाठव, तारखा मी तपासून देते. एन्सवर्थबाईंचं युगांडावरचं १९६७चं पुस्तक तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळतंय का तेवढं बघ. मिळालं तर त्यातली आयांची वर्णनं आधी वाच, तक्ते नंतर.

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शैला